चंद्राची दुर्बीण आणि सहा बाण

नेम धरावा धाकटीने आणि तो कुठे लागला ते सांगावं मी, अशी आमच्या घरात कामाची वाटणी आहे, असं मी एके काळी छातीठोकपणे सांगत असे. आता तीस वर्षं झाली, सांगत नाही. का, ते ऐका!

धाकटी, म्हणजे माझी बहीण, तिरंदाज. गच्चीत पोत्यात चिंध्या कोंबून तिने सुरुवात केली. आई वाळत घातलेल्या प्रत्येक चादरीची भोकं मोजायची आणि मोजून झाली की "आज कालच्यापेक्षा जवळजवळ आहेत हं!" असं कौतुकाने सांगायची. काय दिवस होते ते! आजही गच्चीत गेलो की मला ती भोकांची चादर आठवते.

तर धाकटी वाढत वाढत थेट देशाच्या संघाच्या निवड चाचणीपर्यंत पोहोचली. परदेशातल्या स्पर्धेसाठी तीन मुली जायच्या होत्या. दोघी ठरल्या होत्या, जागा उरली होती एक.

लक्ष्य सत्तर मीटरवर. तिथे रुतलेला बाण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मागे कुणीतरी दुर्बीण लावून "जरा खाली गेला, जरा डावीकडे" असं सांगायचं आणि तिने धनुष्यावरची नेमाची पिन त्याप्रमाणे सरकवायची. हे काम तिच्या सरांचं. पण मी कसला गप्प बसतोय! शेजारच्या विज्ञानाच्या मास्तरांकडून मी त्यांची लांबलचक दुर्बीण मागून आणली आणि टॉवेलात गुंडाळून तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेऊन बसमधून नेली.

"दादा, ही कशाला?" धाकटी म्हणाली.

"अगं, हिच्यातून मी चंद्रावरचे खड्डे पाहिलेत! तुझा बाण म्हणजे काय?"

पाच फेऱ्या सरांनीच सांभाळल्या. शेवटची फेरी उरली. सहा बाण, चार मिनिटं, आणि धाकटीला हवे होते साठपैकी पन्नास गुण. एवढे तर ती झोपेत मिळवायची! नेमकं तेव्हाच सरांच्या पोटात सकाळपासून चाललेलं बंड अनावर झालं. ते गळ्यातल्या दुर्बिणीसकट पळत सुटले. "येतो, येतो!" एवढंच ऐकू आलं.

"सरांचं सोड," मी म्हणालो, "मी आहे ना!"

शिट्टी झाली. पहिला बाण सुटला. मी दुर्बिणीला डोळा लावला. पिवळं, लाल, निळं, सगळी वर्तुळं ताटाएवढी दिसत होती!

"आठ! थोडा वर, थोडा उजवीकडे!"

तिने पिन सरकवली. दुसरा बाण.

"सहा! अगं, अजून वर गेला! अजून उजवीकडे!"

"मी तर खाली, डावीकडे जावा म्हणून सरकवलीय!"

"मग आणखी सरकव! माझ्यावर विश्वास नाही का?"

बिचारीने ठेवला. तिसरा बाण पार काळ्यात. तीन गुण! मला दरदरून घाम फुटला. इतक्यात दुर्बिणीत असं काही दिसलं की मी ओरडलोच.

"अगं, लक्ष्याच्या खालच्या कडेला कावळा लटकलाय! वटवाघळासारखा! पाय वर, डोकं खाली!"

धाकटीने समोर पाहिलं. लक्ष्याच्या वरच्या कडेवर कावळा ऐटीत बसला होता. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी जन्मात विसरणार नाही.

"दादा, या दुर्बिणीतून तू चंद्राशिवाय काही पाहिलंयस?"

"नाही."

"तिच्यात सगळं उलटं दिसतं! वरचं खाली आणि डावं उजवीकडे!"

आता चंद्र गोल, लक्ष्यही गोल. उलटं केलं तरी गोलच! मला कसं कळणार?

तिने भराभर पिन मागे फिरवली, मोठा श्वास घेतला आणि उरलेले तिन्ही बाण पिवळ्याच्या मधोमध मारले. दहा, दहा, दहा! सत्तेचाळीस झाले. जागा तीन गुणांनी गेली.

सर धापा टाकत परत आले. "अरे, काय झालं काय?"

मी तोंड उघडलं, पण धाकटीच आधी बोलली. "वारा होता, सर."

गवताचं पातंही हलत नव्हतं. सरांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्या दुर्बिणीकडे पाहिलं आणि आपली दुर्बीण पुसायला घेतली. परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर तोंड करून रडलो. तिने टॉवेलाच्या टोकाने माझे डोळे पुसले आणि कावळा आठवून अशी खदखदा हसली की कंडक्टरही हसायला लागला.

पुढच्या वर्षी ती संघात गेली. सरांची अट एकच होती, मला घरी ठेवायचं. मग ती कितीतरी देशांत खेळून आली, आणि आता पोरींचा संघ घेऊन जगभर हिंडते. घरी यायला तिला सवड कुठली?

त्या दिवसापासून मी काहीही सांगितलं की ती उलटं करूनच घेते. परवा फोन आला. मी ऐटीत म्हणालो, "मी अगदी मजेत आहे. तुझी मुळीच आठवण येत नाही. मुद्दाम यायची काही गरज नाही!"



"बरं," ती म्हणाली, "रविवारी पोहोचते."