कोंडाजीबाबांचा फोटो

तिसरा कॅमेरा घरात आला तेव्हा शालनबाई भाकऱ्या थापत होत्या. मान वर न करताच त्यांनी विचारलं, "आता ह्यानं कुणाचं वाटोळं करणार?"

त्यांचे यजमान सोपानराव यांनी तो जपून फळीवर ठेवला. साताऱ्याकडून येऊन ते पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात फिटर झाले होते. कामात हात चांगला. पण कॅमेऱ्यात यश नव्हतं. पहिला कॅमेरा पुण्याच्या जुन्या बाजारातला, नुसती पेटी. त्यानं धाकट्या भावाच्या लग्नात फोटो काढताना ते फिल्म पुढे सरकवायला विसरले आणि नवरीच्या तोंडावर वरातीतला बैल उमटला. भावजय अजून त्यांच्या घरी पाणी पीत नव्हती. दुसरा घडीचा. त्याच्या भात्याला भोक पडून आत उजेड शिरायचा. शालनबाईंच्या आईचा उभ्या आयुष्यातला एकच फोटो त्यानं काढला, त्यात फक्त लुगडं आलं. तिसरा दोन भिंगांचा, वरच्या काचेत वाकून बघायचा. तो चिंचवडला घड्याळं नि कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या कादरनं दिला होता.

"सोपानभाऊ, ह्यात चुकायला जागाच नाय," कादर म्हणाला होता.

आकुर्डीत सोपानरावांच्या शेजारी कोंडाजीबाबा आणि गोजाबाई राहत. बाबांनी अंथरूण धरलं होतं. एका सकाळी गोजाबाई दारात आल्या.

"भाऊ, ह्यांचा एक फोटू काढा. मागं बघायला काय तरी ऱ्हाऊ द्या."

बाबा मात्र अडून बसले. "त्यो डबा जीव वढून घेतो."

"आता वढायला ऱ्हायलंय काय?" गोजाबाई म्हणाल्या. मग बाबा निमूट फेटा बांधून अंगणात बसले. सोपानरावांनी फोटो घेतला, फिल्म आठवणीनं सरकवली, आणखी दोन घेतले.

दोन दिवसांनी रात्रपाळी करून आल्यावर त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीला घोंगडी लावली, दार लोटलं आणि फिल्म धुवायला घेतली. तेवढ्यात दार धाडकन उघडलं. लख्ख उन्हात शालनबाई उभ्या होत्या.

"अवो, कोंडाजीबाबा गेले!"

बाबा गेले आणि त्यांच्यापाठोपाठ फोटोही गेला. फिल्म काळीठिक्कर पडली होती.

तेराव्यापर्यंत सोपानरावांनी गोजाबाईंना तोंड दाखवलं नाही. मग कादरच म्हणाला, "रहाटणीत बाबांचा भाऊ हाय ना, सोनबा? दोघं एका साच्यातले. त्याला बसवा."

सोनबांनी सगळं ऐकून घेतलं. "वैनीला फोटू न्हाई म्हून सांगायचं कुनी?" एवढंच म्हणाले आणि फेटा शोधायला उठले.

कोंडाजीबाबांच्या गालावर मस होता, सोनबांच्या नव्हता. फोटो छापून झाल्यावर कादरनं बारीक कुंचला हातात घेऊन विचारलं, "कोणता गाल?" सोपानरावांनी डोळे मिटून कॅमेऱ्याच्या काचेत पाहिलेले बाबा आठवले. "उजवा." त्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, हे त्यांना ठिपका वाळल्यावर सुचलं.

गोजाबाईंनी फोटो पदरानं पुसला, बराच वेळ पाहिला आणि भिंतीवर लावून हार घातला. सोपानरावांना त्या रात्री झोप लागली.

पण महिन्याभरानं, कोंडाजीबाबा गेल्याचा सांगावा मिळून, माणहून सोनबांची मेहुणी आणि साडू उशिरानं गोजाबाईंना भेटायला आले. बाईंनी उंबऱ्यातूनच फोटो पाहिला आणि हंबरडा फोडला.

"अगं बाई, आमचं सोनबादाजी गेलं! सांगावा चुकीचा आला गं!"

गोजाबाई पाणी आणायला आत गेल्या होत्या. त्या बाहेर येईस्तोवर दोघं रहाटणीच्या वाटेला लागलीही होती. सोनबांच्या दारात बाईंनी बहिणीच्या नावानं पुन्हा गळा काढला. आत सोनबा जेवत होते. ते घास हातात घेऊनच बाहेर आले.

"कोन गेलं?"

बाई जागच्या जागी कोसळल्या. साडू पार रस्त्यापर्यंत पळाला. शुद्धीवर आल्यावर बाईंनी सगळ्या आळीसमोर खुलासा मागितला, आणि सोनबांना खोटं बोलता येत नव्हतं.

संध्याकाळी सोपानराव आणि सोनबा खाली मान घालून गोजाबाईंपुढे उभे राहिले.

"मला पयल्या दिशीच कळलं व्हतं," गोजाबाई म्हणाल्या.

"मस बघून?" सोपानरावांनी विचारलं.

"मस कुठं बघत बसू? आमच्या धन्यानं आसं सरळ माज्याकडं चाळीस वरसांत कवा बघितलंच न्हाई."

कुणाला हसू आलं नाही.

"मग काढून टाकू का?" सोपानरावांनी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या. ह्येच्यापुढं दिवा लावला की येनारं-जानारं धन्याचं नाव काढत्यात. मोकळ्या भिंतीपुढं कोन काढंल?"

सोनबांनी भावाच्या, म्हणजे स्वतःच्या फोटोला हात जोडले.

पुढल्या रविवारी सकाळी ते सोपानरावांच्या दारात उभे होते. धुतलेला फेटा, नवी बंडी.

"माजा बी एक काढून ठिवा," ते म्हणाले.

"तुम्हाला काय धाड भरलीय, सोनबा?"

"आज न्हाई. पन माज्या वक्ताला तुमी बसवनार कुनाला? दादा तर गेला."

सोपानरावांनी कॅमेरा उचलला आणि वरच्या काचेत वाकून बघितलं. किती तरी वेळ त्यांना त्यात काहीच नीट दिसेना.