साहेब जागेवर आहेत!

"सत्ता हलवायला मोर्चा कशाला? वजन ओळखणारी एक चकती पुरे!" असं मी मावशीला छातीठोकपणे सांगितलं. पदार्थविज्ञानाची पदवीधर आहे मी, उगाच बोलत नाही!

मावशीच्या शिवणकामाच्या दुकानाचा परवाना आज पाचला संपणार होता. सही झाली नाही, तर उद्या दुकानाला कुलूप! तिने कार्यालयात अकरा खेपा घातल्या होत्या. दर वेळी शिपाईमामांचं एकच उत्तर: "साहेब जागेवर नाहीत."

मग काल मामांनाच पटवून मी साहेबांच्या गादीखाली चकती सरकवली. खुर्चीवर माणसाएवढं वजन पडलं, की मोबाइलवर हिरवा दिवा! त्या दिव्याची लिंक मी मावशीच्या गिऱ्हाइकांना पाठवली. त्यांनी ती गावभर केली.

सकाळी अकराला दिवा हिरवा! आम्ही धावत पोचलो, तर जिन्यापर्यंत दोनशे माणसं! दार ढकललं. खुर्चीत साहेब नव्हते. छातीएवढा फायलींचा ढीग होता!

"फरशी पुसायची होती," मामा ओशाळले. "म्हणून खालच्या फायली वर ठेवल्या."

"अरे, ही तर माझी!" गवंडी ओरडला.

"ही बाबांची," न्हावी हळूच म्हणाला. "त्यांना जाऊन चार वर्षं झाली."

अख्खं गाव त्या खुर्चीत बसलं होतं!

तेवढ्यात साहेब आले. "माझ्या खुर्चीत कोण?"

"आम्ही," मागून एक आजी म्हणाल्या.

साहेबांनी दोनशे चेहरे पाहिले. घाम पुसला. पेन काढलं आणि उभ्या उभ्याच सह्या सुरू केल्या! जेवण नाही, चहा नाही. लोक देवदर्शनासारखे गुपचूप बघत होते. मीसुद्धा!

पाचला दहा मिनिटं असताना तळाशी एकच फाइल उरली. मावशीची! साहेबांनी माझ्या मोबाइलमध्ये डोकावलं. दिवा कधीच विझला होता.

"तुमचं यंत्र म्हणतंय, मी जागेवर नाही. मग सही कशी करू? उद्या या!"

तर्क बिनचूक होता!

मावशीने फाइल उचलली, साहेबांचे दोन्ही खांदे धरले आणि म्हणाली, "बसा!"

साहेब मुकाट बसले. दिवा हिरवा. सही!

बाहेर पडताना मावशी माझ्या कानात म्हणाली, "ती चकती काढून घे हो. बिचाऱ्यांना टोचत होती."