मुद्दाम चुकलेली चांदणी

आर्विला होस्टेटलरची गोधडी कोठारात बटाट्याच्या पोत्यांवर सुखाने पडून होती. तिला कला म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं, एवढंच. मग मिस्टर पेल आले.

पेलसाहेब कनेक्टिकटहून येऊन ओहायोच्या खेड्यापाड्यांतून जुनी लोककला गोळा करत हिंडायचे. छपरावरचा वारा दाखवणारा गंजका कोंबडा, शिकाऱ्यांचं लाकडी बदक... घरच्यांना जे अडगळ वाटे, ते त्यांना वारसा वाटे. आर्विलाकडे ते कोंबड्यासाठी आले आणि बटाट्यांपुढे गुडघे टेकून बसले.

"बाई! ही चांदणी पाहिलीत? बाकी सगळ्यांची टोकं बाहेर, आणि हिचं एक लाल टोक आत वळलंय!"

आर्विलाने वाकून पाहिलं. लग्नाच्या वर्षी तिने स्वतः शिवलेली गोधडी. इतक्या वर्षांत हे दिसलं कसं नाही?

"मुद्दाम ठेवलेली चूक!" पेलसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. "निर्दोष फक्त देव, म्हणून जुन्या बायका एक चूक हटकून करायच्या. केवढी ही नम्रता!"

नम्रता आणि आर्विला! जिल्ह्याच्या जत्रेत गोधड्यांची परीक्षक म्हणून ती तीसेक वर्षं बसत होती. एक टाका तिरका दिसला, की टोचली चिठ्ठी आणि केली गोधडी परत. पहिल्याच वर्षी तिने सख्ख्या नणंदेची, लोविनाची, गोधडी परत पाठवली होती. आणि आता संग्रहालयाच्या भिंतीवर तिची चूक टांगणार, खाली तिचं नाव लावणार! त्या खुर्चीत पुन्हा कोणत्या तोंडाने बसायचं?

नाही म्हणायला ती तोंड उघडते तोवर पेलसाहेब गावातल्या खानावळीत पोचून नम्रतेची कथा सांगून मोकळे झाले होते. शनिवारी संग्रहालयाच्या संचालकबाई येणार, हेही ठरवून टाकलं. आता नाही म्हणणं म्हणजे चूक कबूल करणं.

संध्याकाळच्या आत लोविना दारात हजर.

"अगं आर्विला, तुझ्याकडे नम्रता सापडली म्हणे! बटाट्यांवर होती होय? तरीच आम्हाला कधी दिसली नाही."

"मुद्दाम केली होती ती चूक," आर्विला ओठ आवळून म्हणाली.

"तर काय! आपोआप व्हायला तू काय आमच्यासारखी आहेस?"

नणंद गेली आणि आर्विलाने कात्री काढली.

"अगं, ते लोक त्या चुकीसाठीच येतायत," तिचा नवरा एमरी म्हणाला.

"चूक नसली तर माझं कसब बघतील."

टोक उसवून सरळ शिवलं. पण शिवणीत दडलेलं कापड कधी विटलंच नव्हतं. टोकाभोवती लालभडक रेघ उमटली, मास्तरांनी चुकीखाली ओढावी तशी. ती रेघ मुरावी म्हणून आर्विलाने अख्खी गोधडी टबभर काळ्या कॉफीत बुडवली. लाल रंगाने तेवढंच निमित्त साधलं आणि तो सगळीकडे पसरला. गोधडीला शिळ्या रश्श्याची कळा आली. ती वाळायला कुंपणावर टाकली, तर वासराला कॉफीची चव आवडली. चघळलेल्या कोपऱ्याला एमरीच्या चौकड्यांच्या सदऱ्याचं ठिगळ लागलं.

"संग्रहालयात माझा सदरा चाललाय," एमरी म्हणाला. "मला नाही कुणी विचारलं."

शनिवारी लोविना गंमत बघायला सगळ्यांच्या आधी आली. येताना सफरचंदं भरून भाजलेला ॲपल पाय आणला आणि अंगणात बसायला आपली एक जुनी गोधडीही आणली.

आत संचालकबाईंसमोर पेलसाहेबांनी गोधडीवरून तीनदा हात फिरवला. "नम्रता कुठाय?"

"दुरुस्त केली," आर्विला म्हणाली.

पेलसाहेब मटकन खुर्चीत बसले. "बाई, आता हे नुसतं पांघरूण आहे हो!"

हे ऐकून आर्विलाला केवढं हलकं वाटलं! नुसतं पांघरूण. चूक गेली, पुरावा गेला, खुर्ची वाचली. तिने सगळ्यांसाठी कॉफी टाकली, या वेळी प्यायची.

पेलसाहेब मोकळ्या हवेसाठी अंगणात गेले, आणि तिथून किंकाळी आली. "उठा! बाई, आधी उठा!"

लोविना ॲपल पायच्या ताटलीसकट उठली. तिच्या बुडाखालच्या गोधडीचा एक कोपरा चांगला हातभर वाकडा होता. शेजारी पिवळी पडलेली चिठ्ठी, अजून टाचणीसकट, तारखेसकट: 'कोपरा वाकडा. परत. – आर्विला होस्टेटलर, परीक्षक.' राग जपायचा तर नीट जपावा, अशा मताची बाई ती.

"तारीख! सही!" संचालकबाई हरखल्या. "चिठ्ठीसुद्धा लावू या, चौकटीत!"

महिन्याभराने सगळा गाव संग्रहालयात लोटला. कोपऱ्यापेक्षा चिठ्ठीपुढेच गर्दी जास्त. लोविना येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "मुद्दाम हो, मुद्दाम. निर्दोष फक्त देव. आणि आमची वहिनी."

आर्विला बराच वेळ चिठ्ठीकडे बघत उभी राहिली. मग तिला राहवेना. तिने चौकटीला हात घातला. "वाकडी लावलीय मेल्यांनी."

लोविनाने हळूच तिचा हात धरून खाली घेतला.

"असू दे गं," ती म्हणाली. "मीच केलीय. मुद्दाम."