सूक्ष्म-प्रमाणातली दुपारची पॅसेंजर

लहान मूल आणि जबाबदार प्रौढ नागरिक यांच्यातला फरक वयाचा नसून दोरीचा असतो. मूल आपली आगगाडी जमिनीवर मांडतं आणि येईल त्याला खेळायला बसवून घेतं. प्रौढ नागरिक तीच आगगाडी टेबलावर मांडतो, भोवती दोरी बांधतो, दोरीला ‘हात लावू नये’ अशी पाटी अडकवतो आणि शनिवार-रविवार लोकांना बोलावून ती बघायला लावतो. या दुसऱ्या प्रकाराला प्रदर्शन म्हणतात. त्यात खेळ कुठेही नसतो (असं प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाच्या घटनेत ‘खेळणं’ हा शब्द उच्चारणाऱ्या सभासदाला समज देण्याची तरतूद आहे), म्हणूनच ते मोठ्यांना शोभतं.

खऱ्या रेल्वेच्या बारीक प्रतिकृती करणाऱ्या सूक्ष्म-प्रमाण रेल्वे मंडळाच्या चिटणीसांची लेक या संस्कारांत वाढली. चिटणीसांचं औषधांचं दुकान होतं, पण त्यांना औषधवाले कुणी म्हणत नसे. सगळे त्यांना मिलिमीटर म्हणत, आणि त्यांनाही ते आवडे. मंडळाच्या प्रतिकृती खऱ्याच्या शहात्तराव्या हिश्श्याच्या, पण बाजारात मिळणारे तयार रूळ त्या मापाहून दोन मिलिमीटर अरुंद असतात. सामान्य माणूस हे दुःख पोटात घालून जेवतो, झोपतो, पोरंबाळं वाढवतो. मंडळाला ते जमलं नाही. ‘चालवून घेऊ’ म्हणणारा गट बाहेर पडला आणि पलीकडच्या गल्लीत स्वतःचं मंडळ काढून बसला. तेव्हापासून दोन्ही गट एकमेकांच्या घरी लग्नाला जात नाहीत. मयताला जातात, पण मागे उभे राहतात.

मिलिमीटरांनी घरातल्या मागच्या खोलीत एक लहानसं स्टेशन उभारलं होतं. फलाट, सिग्नल, पाण्याची टाकी, टाकीवरचा गंज, गंजाखाली भिंतीवर उतरलेला ओघळ, सगळं प्रमाणात. कौलांवर कबुतरांची घाणदेखील होती आणि तीही प्रमाणात होती. लेकीची आई म्हणायची, “यांनी काम काढलं तेव्हा ही बालवाडीत होती. एवढ्या वर्षांत सरकारनं खरं स्टेशन बांधलं असतं.” मग क्षणभर विचार करून म्हणायची, “नसतं बांधलं.”

स्टेशनवर माणूस मात्र एकही नव्हता. मिलिमीटरांनी तयार माणसं आणून बघितली होती. पण चालणारा माणूस पुढे सरकत नाही, हात हलवणाऱ्याचा हात वरच राहतो, आणि इतकं खरं स्टेशन त्यामुळे खोटं दिसायला लागतं. तेव्हा त्यांनी तत्त्व ठरवलं की व्यवस्था अचूक हवी असेल तर तिच्यात माणसं असता कामा नयेत. (हे तत्त्व इतर बऱ्याच कचेऱ्यांना आधीपासून ठाऊक आहे.)

लेक चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची. तिथेच तिला ड्रायव्हर भेटला. त्यानं तक्त्यावरची शेवटची बारीक ओळ वाचली आणि त्याखाली छापखान्याचा पत्ता होता तोही वाचून दाखवला. तो खऱ्या रेल्वेत मालगाडी चालवायचा. ‘चालवायचा’ हा शब्द इथे सैल अर्थानं घ्यावा, कारण मालगाडीचा ड्रायव्हर म्हणजे बाकीच्या सगळ्या गाड्या पुढे जाईपर्यंत थांबण्याचा पगार घेणारा माणूस. पण लेकीनं एवढा खोलात विचार केला नाही. ज्या घरात गाड्या एका टेबलाच्या बाहेर कधी गेल्या नाहीत, त्या घरातल्या मुलीला पूर्ण मापाच्या इंजिनाची भुरळ पडली तर नवल नाही. हा माणूस आपल्याला कुठेतरी घेऊन जाईल, असं तिला अगदी आतून वाटलं.

आता त्याची दूरच्या डेपोला बदली झाली होती आणि रविवारी संध्याकाळी त्याला निघायचं होतं. तिला त्याच्याशी लग्न करून तिकडे जायचं होतं, म्हणजे रविवार संध्याकाळच्या आत बाबांचं हो की नाही ते कळायला हवं होतं. नाही म्हणाले असते तरी कायदा तिच्या बाजूनं होता. पण तिला बाबांच्या होकारानंच जायचं होतं. तिचा बापावर जीव होता, आणि ही गोष्ट तिनं आईजवळसुद्धा कबूल केली नव्हती.

“खरी गाडी काय, कुणीही चालवतं,” मिलिमीटर ड्रायव्हरला म्हणाले. “रविवारी परीक्षकांसमोर आमची दुपारची पॅसेंजर फलाटाला लावून दाखव. हिसका न देता. लावलीस की माझा होकार समज.”

“आणि नाही लागली तर?” लेकीनं विचारलं.

“तर मग एवढी घाई काय आहे?”

त्या घरात ‘घाई काय आहे’ या वाक्याला फार वजन होतं. स्वयंपाकघराला रंग देण्याबाबत आईला हेच उत्तर मिळालं होतं, आणि भिंती अजून तशाच होत्या.

प्रदर्शन बॅडमिंटनच्या हॉलमध्ये भरलं, आणि मिलिमीटरांचं स्टेशन टेबलासकट तिथे आलं. अशा प्रदर्शनाला जाण्याची एक रीत आहे. आत शिरल्यावर दर्शकाला आधी सभासदांच्या पाठी दिसतात. सभासद एकमेकांशी बोलत असतात आणि दर्शकांकडे तोंड केलं तर प्रश्न विचारले जातात हे त्यांना अनुभवानं माहीत असतं. प्रश्न तीनच असतात: खर्च किती आला, घरचे काही बोलत नाहीत का, आणि धूर येतो का. गाडी क्वचितच दिसते, कारण प्रतिकृती ज्याची असते त्या मूळ मार्गावर गाड्या कमी होत्या आणि उगाच गाड्या फिरवत बसणं हे उथळपणाचं लक्षण आहे. आणि गाडी चुकून घसरलीच, तर सभासदानं सगळ्यांदेखत हात घालून ती रुळांवर ठेवणं याला मंडळात ‘आभाळातून हात येणं’ म्हणतात. याहून मोठं पाप नाही. असा हात घातलेल्या एका सभासदाला पुढे वर्षभर मंडळाचा चहा करावा लागला (चहाही बरा नव्हता, त्यामुळे शिक्षा सगळ्यांनाच झाली).

रविवारी दुपारी परीक्षक आले. जाड भिंगांचा चष्मा, हातात छोटी विजेरी, आणि तोंडावर आजवर कशानंच समाधान न झालेला भाव. दोरीपाशी बऱ्यापैकी गर्दी होती. लेक आईबरोबर अगदी पुढे उभी होती. मिलिमीटरांनी नियंत्रणाची डबी ड्रायव्हरच्या हातात दिली आणि स्वतः त्याच्या शेजारी स्टुलावर बसले.

पॅसेंजर बोगद्यातून बाहेर आली. ती अशी आली की एका सभासदानं चक्क तोंड वळवून बघितलं. वळण घेतलं, पूल ओलांडला, डब्यांमधल्या कड्या एकामागून एक कशा हळूच ताणल्या गेल्या ते दिसलं. मिलिमीटर स्टुलावरून पुढे वाकले. लेकीनं आईचा हात धरला. आणि फलाट वीतभर राहिला असताना गाडी थांबली.

“काय झालं?” मिलिमीटर कुजबुजले.

“सिग्नल,” ड्रायव्हर म्हणाला.

सिग्नलचा हात आडवा होता, म्हणजे थांबा. सिग्नलच्या केबिनच्या जागी बसलेल्या गणिताच्या निवृत्त मास्तरांनी खटका ओढला, पुन्हा ओढला. टेबलाखालची बारीक तार निसटली होती. ती बसवायची तर टेबल उलटं करावं लागणार होतं, आणि टेबलावर कबुतरांच्या घाणीसकट अख्खं स्टेशन होतं.

“नादुरुस्त आहे तो. जा पुढे,” मिलिमीटर म्हणाले.

“नादुरुस्त सिग्नल म्हणजे आडवाच सिग्नल,” ड्रायव्हर शांतपणे म्हणाला. “स्टेशनमास्तरांची परवानगी लागते. कुठे आहेत?”

मिलिमीटरांनी स्टेशनकडे बघितलं. स्टेशनवर कुणीच नव्हतं.

“स्टेशनमास्तर नाहीत,” ते म्हणाले.

“मग मला पुढे जाता येणार नाही.”

“बाबा,” लेक दोरीपलीकडून म्हणाली, “तुम्हीच द्या ना परवानगी. तुमचंच तर स्टेशन आहे.”

“मी कशी देणार? मी प्रमाणात नाही.”

“तेही खरंच,” ड्रायव्हर म्हणाला.

लेकीनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. ड्रायव्हरनं डबी गुडघ्यावर ठेवली होती, पाय लांब केले होते, आणि त्याच्या तोंडावर असं समाधान होतं जे तिनं त्याच्या बाजूला बागेतल्या बाकावर बसूनही कधी बघितलं नव्हतं. बाबा आधी जरा चुळबुळले. मग त्यांनीही पाय लांब केले. “तुम्ही एका सिग्नलला जास्तीत जास्त किती वेळ थांबलायत?” असं त्यांनी एकदम अहोजाहोवर येऊन विचारलं, आणि ड्रायव्हरनं सांगितलेलं उत्तर ऐकून ते कौतुकानं “वा” म्हणाले.

इकडे दोरीपाशी एक गोष्ट घडायला लागली. रांगत जाणाऱ्या गाडीपुढे जे लोक दोन मिनिटं उभे राहत नव्हते, ते न हलणाऱ्या गाडीपुढे जमायला लागले. “आली का?” “नाही अजून.” “काय भानगड आहे?” “सिग्नल नाही.” “हे नेहमीचंच आहे.” एक काका पिशवीवर बसले. एका बाईंनी आपली गाडी एकदा कशी रात्रभर अडकली होती ते सांगायला घेतलं, आणि अनोळखी माणसं ते ऐकून माना डोलावू लागली. पूर्वी असं नव्हतं, यावर दोन म्हाताऱ्यांचं एकमत झालं. दोघेही पूर्वी म्हणजे वेगवेगळ्या काळाबद्दल बोलत होते. कुणीतरी घोषणा करा म्हणून गणिताच्या मास्तरांच्या मागे लागलं. मास्तरांनी “थोड्याच वेळात” असं मोघम सांगितलं, आणि सगळे निर्धास्त झाले. (आलेल्यांची संख्या मंडळानं नंतर संपलेल्या बिस्किटांवरून काढली. बिस्किटं सगळीच संपली होती, म्हणून संख्या अगणित असल्याची नोंद झाली.) बाकीची टेबलं ओस पडली. तिथल्या गाड्या वेळेवर धावत होत्या, आणि त्या बघायला काळं कुत्रंही नव्हतं.

परीक्षक गुडघ्यांवर बसले आणि फलाटाच्या पातळीला डोळा लावून खूप वेळ बघत राहिले. उठले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

“आयुष्यभर प्रदर्शनं बघतोय. गाड्या खूप बघितल्या. रेल्वे आज बघितली.”

पहिला क्रमांक ठरल्यातच जमा होता. मिलिमीटरांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला, जो त्यांनी सख्ख्या भाच्याच्या खांद्यावरही कधी ठेवला नव्हता.

“बाबा,” लेकीनं विचारलं, “मग तुमचं हो समजायचं का?”

“गाडी फलाटाला लागली की,” मिलिमीटर म्हणाले. “अट म्हणजे अट.”

“आणि ती कधी लागणार?”

“घाई काय आहे?” ड्रायव्हर म्हणाला.

तो अगदी सहज म्हणाला. लेकीनं आईकडे बघितलं. आई समोर कुठेतरी बघत होती, रंग न दिलेल्या भिंतीकडे बघावं तसं. हॉलच्या उंच खिडक्यांतून ऊन कलत चाललं होतं आणि ड्रायव्हरला संध्याकाळी निघायचं होतं. लेकीला आधी रडू आलं, मग स्वतःचाच राग आला, आणि मग असा स्वच्छ, साधा संताप आला की तिला एकदम हलकं वाटलं. जगातल्या एवढ्या पुरुषांतून आपण शोधून शोधून बाबाच आणलेत, हे तिच्या लक्षात आलं. आणि तरीही तो आपल्याला हवाच आहे, हेही त्याच दमात लक्षात आलं.

ती वाकून दोरीखालून आत गेली. केसांतली पिन काढली आणि पिनेच्या टोकानं सिग्नलचा हात खाली दाबून धरला.

“सिग्नल पडला,” ती म्हणाली. “चल.”

ड्रायव्हरनं सिग्नलकडे बघितलं. सिग्नल पडला होता. तो कुणी पाडला हे विचारण्याची नियमात सोय नाही. त्यानं डबी उचलली, आणि पॅसेंजर वीतभर अंतर कापून फलाटाला लागली, इतकी अलगद की थांबली ते कळलंच नाही.

मग पिशवीवरचे काका उभे राहिले.

“हात घातला हो,” ते म्हणाले. “सगळ्यांदेखत.”

“एवढा वेळ आम्ही काय वेडे म्हणून उभे होतो?” बाईंनी विचारलं. त्यांची गोष्ट ऐन रंगात आली होती.

“आपोआप पडला असता. जरा दम धरायचा.”

“हल्लीच्या मुलींना तेवढाच दम नसतो.”

परीक्षकांनी विजेरी खिशात घातली आणि पलीकडच्या, वेळेवर चालणाऱ्या टेबलाला पहिला क्रमांक देऊन टाकला. गर्दी चिडून पांगली. गाडी फलाटाला लागलेली होती, पण ती बघायला कुणी थांबलं नाही. तिच्यात बघण्यासारखं आता काय उरलं होतं?

मिलिमीटर स्टुलावरून उठले. “अट म्हणजे अट,” ते म्हणाले. “माझं हो आहे. मुलगा लाखात एक आहे.” मग ते ड्रायव्हरकडे वळले आणि त्यांचा आवाज खाली आला. “पण तुम्ही एकदा विचार करा. मुलगी ही अशी आहे.”

“बघतो सांभाळून घेऊन,” ड्रायव्हर म्हणाला.

बाहेर पडताना त्यानं तिला खरं सांगून टाकलं. “तू नसतीस तर मी तिथे बसून राहिलो असतो.”

“माहीत आहे,” लेक म्हणाली, आणि तिनं पिन पुन्हा केसांत खोचली. ती आता जन्मभर जवळ ठेवावी लागणार होती.

मंडळानं या प्रकरणाचा निषेध केला आणि पुढच्या वर्षी दोरी आणखी मागे बांधायचं ठरवलं. दर्शकांनी या निर्णयाचं एकमुखानं स्वागत केलं. त्या दुपारी दोरीपाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला दोन हात होते आणि दोरीखालून वाकलं की सिग्नल हाताशी होता, हा मुद्दा सभेत कुणीच काढला नाही. सुज्ञ वाचकही तो काढणार नाहीत. ते मघापासून आमच्याबरोबर शिस्तीत उभे आहेत, गाडी कधी लागते ते बघत, आणि त्यांचं बोट फक्त पान उलटायला पानाच्या कडेला आहे.