शेपटाचा पंचनामा

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, सोलापुरातल्या एका विज्ञान प्रदर्शनाच्या दारात आयेशाची मांडणी अडवण्यात आली. जगात जे जे आहे ते कुठल्या ना कुठल्या रकान्यात बसतं. बसत नसेल तर चूक त्याची. अर्जात रकाने दोनच होते: धूमकेतू आणि लघुग्रह.

वळसंगहून आलेल्या, आयेशाच्या विज्ञानशिक्षिका झीनतबाईंनी शांतपणे समजावलं की मांडणीत दाखवलेले, गुरू आणि नेपच्यूनच्या दरम्यान फिरणारे छोटे बर्फाळ गोळे दोन्हींसारखे वागतात. काहींना शेपूट फुटतं, काहींना नाही. आयेशानं गुरू ते नेपच्यून म्हणून रंगवलेल्या चार चेंडूंमध्ये काजळी कालवलेला बर्फाचा गोळा तारेवर बसवला होता. पोरगी नववीत. दहावीच्या मुलांना प्रदर्शनात प्रवेश नसतो, म्हणजे जिल्हा पातळीवर जायची ही शेवटची संधी.

“बाई, एकच काय ते सांगा की,” समितीचे अध्यक्ष मृत्युंजय सर म्हणाले.

“दोनी बी हाय की, सर,” आयेशा म्हणाली.

“दोन्ही लिहायला जागा नाही, बाळ.”

सरांचा न्याय चोख होता. शेपूट असेल तर धूमकेतू. शेपूट उन्हानं फुटतं. सबब गोळा उन्हात ठेवावा. वितळेल, असं बाईंनी तीनदा सांगितलं. विज्ञानात प्रयोगाला महत्त्व असतं, असं त्यांना एकदाच सांगण्यात आलं. पाऊण तास दोन सदस्य, एक टेप आणि एक छत्री (सदस्यांसाठी) अंगणात तैनात होते. शेपूट निघालं: पाण्याचं, लांबी एक मीटर बारा सेंटिमीटर, दिशा गटाराकडे. पंचनाम्यावर सह्या झाल्या. धूमकेतू, एकमतानं.

मग क्रमांकाची चिठ्ठी चिकटवायला सदस्य वळले, तर फरशीवर फक्त ओली काजळी. नियम सात: वस्तू प्रत्यक्ष हजर असावी. शेरा पडला, ‘वर्गीकरण योग्य, वस्तू गैरहजर.’ नवी पेठेतून बर्फ आणून दुसरा गोळा करते, असं बाई म्हणाल्या. दुसरा गोळा म्हणजे नवी नोंदणी, आणि नोंदणी बाराला बंद झाली होती.

आयेशा फडक्यानं काजळी पुसत होती. “बाई, आता तरी लिवतील का, गोळा कुटं गेला त्ये?”

बाई दुसरं फडकं घेऊन तिच्याशेजारी बसल्या.

आयेशाचं नाव जिल्ह्याला पाठवावं की नाही, हे अद्याप ठरलेलं नाही. समितीनं फाटकावर नोटीस लावून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवल्या होत्या. मुदत काल संपली. पुष्कळ लोक वाचून हसत पुढं गेले, असं शिपाई सांगतो. लेखी एकही हरकत आलेली नाही. आपलीही नाही.