दगडूभाऊजींनी नेलेला रांजण

आमच्या आळीत कुणाचा रांजण जागेवर दिसला नाही, तर बायका चोराला शिव्या देत नाहीत. सरळ दगडूभाऊजींच्या दारात जातात. रांजण तिथंच असतो. बोटांनी ठोकून, तोंडाला कान लावून, "ह्याचं प्वाट लहान हाय, ह्यो न्हाई चालायचा," म्हणून भाऊजींनी तो नापास केलेला असतो.

आमचा रांजण मात्र पास झाला.

दगडूभाऊजी आमचे शेजारी. आमची आणि त्यांची भिंत एकच. साखर कारखान्यात वायरमन. घरात ते आणि त्यांची आई, सोनाआत्या. आत्यांना तापात बहिरेपण आलं, त्याला चार वर्षं झाली. पूर्वी देवळात पखवाज वाजायला लागला की त्या मांडीवर थापा मारत ठेका धरायच्या. आता चुलीपुढं गप्प बसून असतात.

भाऊजींना आवाजाचं वेड. तबकड्या वाजवायचं यंत्र आणि लग्नातला कर्णा त्यांच्याकडं होताच. पण कर्ण्यातून पखवाज म्हणजे डबा बडवल्यासारखा येतो, हे त्यांना सोसेना. मग ताटाएवढा एक स्पीकर आणून त्यांनी आमच्या रांजणाच्या तोंडावर बसवला. जाडा आवाज रांजणातून, बारीक कर्ण्यातून.

"वैनी, ही भावाभावांची वाटनी हाय बघा," ते भिंतीपलीकडून ओरडत. "जाड्याचं रान इथवर, तिथनं म्होरं बारक्याचं. मधी बांध नीट पडला पायजे! न्हाईतर दोघं येकाच पट्टीत नांगर घालत्यात!"

हा बांध म्हणजे जळक्या मोटारीच्या तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि जुन्या रेडिओतला कंडेन्सर. तारेचे वेढे वाढवले की बांध खाली सरकायचा, सोडले की वर. भाऊजी वेढे गुंडाळत बसायचे आणि ऐकायचं काम माझ्याकडं. कारण एकदा भाकरी थापताना मी ह्यांना म्हणाले होते, "आज पखवाजाबरोबर बाईचा गळाही रांजणात पडलाय." ह्यांनी ते जाऊन सांगितलं. तेव्हापासून भाऊजींच्या लेखी आळीत कान असलेली मी एकटीच.

पण परक्या माणसाशी बोलायचं म्हणजे मला घाम फुटतो. म्हणून ह्यांनीच तोड काढली. लाटण्यानं भिंत ठोकायची. एकदा ठोकलं, म्हणजे बारीक आवाज रांजणात शिरला. दोनदा, म्हणजे जाडा कर्ण्यात घुसला. नीट जमलं तर काय, हे ठरवायचं राहूनच गेलं. तशी वेळच आली नव्हती.

एक गोष्ट आळीला हसवायची. तबकडी लावण्याआधी भाऊजी आईला चुलीपुढनं उठवून रांजणाला पाठ टेकून बसवायचे. कुणी विचारलं, "दगडू, म्हातारीला काय ऐकू येनार?" तर म्हणायचे, "रांजन हालू नये म्हनून वजन ठिवलंय." आईला वजन म्हणून वापरणारा हा एकच लेक, असं सगळे म्हणत. मीही हसले आहे.

उन्हाळा लागला तसे आमचे हे चिडले. "पानी काय कर्ण्यात भरून ठिवू? उद्या सकाळी रांजन घरात पायजे!"

"आवो भावसाब, ह्यो रांजन गेला की आख्खा बांध नव्यानं टाकावा लागंल!"

"टाक की! सोताच्या रांजनावर टाक!"

त्या दुपारी भाऊजी जेवलेही नाहीत. पखवाजाची तबकडी लागली. मी एकदा ठोकलं. वेढे वाढले. पुन्हा एकदा. आणखी वाढले. मग दोनदा, तर कंडेन्सर बदलला. माझ्या तव्यावर दोन भाकऱ्या करपल्या. तबकडी परत लागली आणि माझा हात तसाच वर राहिला. बाईचा गळा कर्ण्यात स्वच्छ, एकटा. खाली पखवाज एकेक बोल सुटा. फडताळातली भांडी रोज थरथरायची, ती आज फक्त थापेला हलत होती.

एवढ्यात पलीकडून सोनाआत्यांचा आवाज आला. चार वर्षांत त्यांना आपणहून बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

"दगड्या! बारीक कर की! लई मोठ्यानं लावलंस, शेजारी काय म्हनतील?"

मी चुलीपुढनं उठले. परसातल्या कुडाच्या फटीतून त्यांच्या पडवीत पाहिलं. आत्या रांजणाला पाठ लावून, डोळे मिटून बसल्या होत्या. हात मांडीवर पडत होता. बरोबर थापेला. भाऊजी समोर उकिडवे, हातात उरलेली तार. ते हसत होते आणि बाहीनं नाक पुसत होते.

"व्हय आये," ते म्हणाले. त्यांचे ओठ आत्यांना दिसत नव्हते, तरी पुन्हा म्हणाले, "व्हय, करतो बारीक." आणि बटण जराही फिरवलं नाही.

मी घरात आले. लाटणं उचललं. भिंतीवर तीनदा ठोकलं.

संध्याकाळी हे घरी आल्यावर मी पहिल्यांदाच त्यांच्यापुढं हट्ट धरला. दुसऱ्या दिवशी बाजारातून आम्ही पाण्यासाठी नवा रांजण आणला.