उलट्या आट्यांची मोटार

एका जंगलात मोटारी पुष्कळ होत्या, पण चालणारी एकही नव्हती. मुलांनो, हसू नका. न चालणारी मोटार ठेवायला ऐपत लागते. चालणारी कोणीही ठेवतं.

त्यातली सगळ्यात देखणी मोटार भिवाजीराव अस्वलांची. काळी, लांब नाकाची, पितळी भोंग्याची. वडिलांनी घेतलेली. भिवाजीराव ती रोज फडक्याने पुसत. वर्षातून एकदा, दसऱ्याला, तिला झेंडूचा हार घालत, चाकाखाली लिंबू ठेवत आणि गाडी हातभर पुढे, हातभर मागे घेत. मग दमून झोपत.

त्यांची बायको सगुणाबाई. स्वभावाने गरीब, पण तिला एक वाईट खोड होती. ती बघायची. कोणी काही करत असलं की गप्प उभी राहून नीट बघायची. दसऱ्याला नवऱ्याच्या शेजारी बसायची तेव्हासुद्धा हाराकडे न बघता त्याच्या पायांकडे बघायची. आता ही खोड कोणाला राहिलेली नाही, त्यामुळे तुम्ही घाबरू नका.

सगुणाबाई याच मोटारीतून नवरी होऊन आली होती. माहेर पलीकडे, मोहोळाच्या डोंगरावर. निघताना आई म्हणाली होती, "सगुणे, माहेरपणाला येशील तेव्हा वळणावरच भोंगा वाजव. मी आधण ठेवते." आणि भिवाजीरावांनी सासूला शब्द दिला होता, "पुढच्या मधपुनवेला याच गाडीतून आणतो."

त्याला एकोणीस मधपुनवा झाल्या. मधल्या काळात सगुणाबाई तीन-चारदा पायी जाऊन आली. पण पायी आलेल्या लेकीला भोंगा नसतो. आता आईचे डोळे गेले होते. तिने निरोप धाडला, "दिसत काही नाही, पण ऐकू येतं अजून. कान आहेत तोवर भोंगा ऐकव."

निरोप ऐकून सगुणाबाई रडली. भिवाजीरावांनाही लाज वाटली. लाज त्यांना वाटायची, फक्त टिकायची नाही. मधपुनव दहा दिवसांवर होती.

"ठरलं. या खेपेला जायचंच," ते म्हणाले आणि त्यांनी चाकांना ग्रीस भरायला हुप्पे मिस्त्रींना बोलावलं.

हुप्पे मिस्त्री माकड होते. त्यांनी मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. नट हलेना. त्यांनी पान्याला लांब पाइप लावला आणि पाइपला चारी हातापायांनी लटकले.

"मिस्त्री," सगुणाबाई म्हणाली, "डावीकडच्या चाकांचे आटे उलटे आहेत. माझ्या लग्नात वाटेत पंक्चर झालं होतं. मामंजींनी नट उलट्या बाजूला फिरवले होते. मी बघितलंय."

"वहिनी, चोवीस वर्षं पाने फिरवतोय मी."

"अगं, तू चहा टाक," भिवाजीराव म्हणाले.

ती चहा टाकायला गेली. मागून आवाज आला, कट्ट! नटासकट स्टड तुटून पडला. स्टड म्हणजे ब्रेकच्या ड्रममध्ये घट्ट बसवलेला आट्यांचा जाड खिळा. त्याच्यावर चाक चढवायचं आणि वरून नट आवळायचा. प्रत्येक चाकाला पाच असतात. एक तुटला की साधा मिस्त्री थांबतो. हुप्पे मिस्त्री साधे नव्हते. चहा येईपर्यंत पाचही तुटले होते.

"माल हलका होता," चहाचा घोट घेत ते म्हणाले.

भिवाजीरावांनी गाडीचा तो कोपरा दगडांवर टेकवला, तुटके स्टड रुमालात बांधले आणि ते पुराण-मोटार प्रेमी मंडळात गेले. मंडळाचे अध्यक्ष बगळेसर. कपडे पांढरेशुभ्र, चाळीस वर्षं मोटारींत घालवूनही ग्रीसचा एक डाग नाही. ते नेहमी एका पायावर उभे राहून विचार करत.

सरांनी भिंग लावून तुकडे पाहिले. "वा," ते म्हणाले.

"सर, असे नवे पाच हवेत. लेथवर करून घेतले तर?"

सरांनी डोळे मिटले. कोपऱ्यात बसलेले दोन सभासद उठून बाहेर गेले.

"भिवाजीराव, हा शब्द या सभागृहात पुन्हा काढू नका. स्टड हवा तर अस्सल हवा. कारखान्यातून गाडीबरोबर निघालेला."

"मग अस्सल कुठे मिळेल?"

"कुठेच नाही," सर अभिमानाने म्हणाले. "फक्त माझ्याकडे आहेत. पाच."

काचेच्या कपाटात मखमलीवर पाच स्टड निजले होते. उलट्या आट्यांचे, नवेकोरे. भिवाजीरावांना पोळं दिसल्यासारखं झालं.

"चार दिवसांपुरते द्या सर. सासूबाई आंधळ्या झाल्यात, वाट बघतायत."

"गाडीला लावायला?" सर इतके दचकले की त्यांनी दुसरा पाय खाली टेकला. "अहो, लावले की झिजतात! एवढ्या जपलेल्या वस्तूचा कोणी उपयोग करतं का?"

भिवाजीरावांना आपलीच चूक वाटली. त्यांनी माफी मागितली. तेवढ्यात सरांनी पुन्हा भिंग लावलं.

"थांबा. हे मूळ स्टड, मूळ गाडीवर, मूळ जागी तुटले? मधे कोणी बदलले नाहीत?"

"नाही. वडिलांच्या वेळचेच."

"भिवाजीराव! म्हणजे अस्सल मोडलेली गाडी आहे तुमची. जंगलात दुसरी नसेल. आम्ही तुमचा सन्मान करणार. शाल, श्रीफळ आणि गाडीला हार. मधपुनवेला सकाळी."

भिवाजीराव घरी आले ते छाती पुढे काढून. कधी नव्हे ते बायकोच्या आधी बोलायला लागले. सगुणाबाईने सगळं ऐकून घेतलं.

"मधपुनवेला आपण आईकडे जाणार होतो."

"पुढच्या वर्षी नक्की. अगं, गाडीचा सन्मान म्हणजे तुझ्या माहेराचाच नाही का?"

हे कसं, ते मलाही कळलेलं नाही. सगुणाबाईलाही कळलं नसावं. तिने रुमालातला एक तुकडा पदराला बांधला आणि ती साळबाकडे गेली.

साळबा म्हणजे साळिंदर. जंगलाच्या कडेला त्याचा लोखंड कातायचा लेथ होता. कानामागे पेन्सिल खोचायला त्याला जागा शोधावी लागत नसे. त्याने तुकडा मापाला लावून पाहिला.

"उलटे आटे. डावं चाक?"

"हो दादा. होतील का?"

"न व्हायला काय झालं? ट्रकच्या जुन्या आसाचं पोलाद पडलंय, त्यातून काढतो. परवा या." मग त्याने तुकडा खाली ठेवला. "ताई, लांब जायचंय का?"

"माहेरी."

"मग ड्रम घेऊन या. बसवूनच देतो. माहेरी जाताना चाक निघालं तर लोक सासरला बोल लावतात."

तिसऱ्या दिवशी सगुणाबाईने पाच स्टड नवऱ्यापुढे ठेवले. नव्या नाण्यांसारखे चमकत होते. भिवाजीरावांनी हात मागे घेतले.

"लेथचे? माझ्या वडिलांच्या गाडीला? सन्मान तोंडावर आलाय अगं! मंडळाला कळलं तर?"

सगुणाबाईने स्टड उचलले. खरं सांगू? तिला तेव्हा फार वाईट वाटलं. एकोणीस वर्षांत वाटलं नव्हतं इतकं.

मधपुनवेच्या सकाळी भिवाजीराव कोट घालून सभागृहात गेले. हार घालायला मंडळी नंतर घरी येणार होती. ते वळणाआड होताच सगुणाबाईने हुप्पे मिस्त्रींना हाक मारली. मिस्त्रींनी ड्रम उतरवून साळबाच्या लेथवर नेला. साळबाने जुन्या स्टडची बुडं ठोकून काढली आणि नवे दाबून बसवले. ड्रम जागेवर गेला, चाक चढलं. मिस्त्रींनी पाना हातात घेतला आणि जन्मात पहिल्यांदा विचारलं, "वहिनी, कुठल्या बाजूला आवळू?"

"तुम्हाला जी चुकीची वाटते त्या बाजूला."

नट लोण्यातून गेल्यासारखे बसले. सगुणाबाई चाकामागे बसली. क्लच कुठे, ब्रेक कुठे, हे तिने एकोणीस दसरे बघितलं होतं. हातभर पुढे गेल्यावर ती सवयीने थांबली. मग आठवलं की आज थांबायचं नाही.

सभागृहात शाल झाली, श्रीफळ झालं, बगळेसरांचं दीड तासाचं भाषण झालं. मग सगळे हार घेऊन भिवाजीरावांच्या अंगणात आले.

अंगणात चार दगड होते आणि तेलाचा एक डाग.

"गाडी कुठाय?" सरांनी विचारलं.

त्याच वेळी मोहोळाच्या डोंगराकडून आवाज आला. लांबून, बारीक, पण स्पष्ट. पों, पों, पों.

भिवाजीराव तसेच उभे राहिले. तो भोंगा त्यांनी स्वतःही लग्नानंतर ऐकला नव्हता. 

"चालली!" बगळेसर ओरडले. "भिवाजीराव, तुमची गाडी चालली! शाल परत द्या."

भिवाजीरावांनी शाल दिली. श्रीफळ द्यायचं विसरले आणि ते काखेत धरून डोंगराच्या दिशेने पळत सुटले.

पोचले तेव्हा दुपार टळली होती. सासूबाई मोटारीला टेकून बसल्या होत्या आणि तिच्या मडगार्डवरून हात फिरवत होत्या. चाकापाशी हात थांबला. त्यांनी पाचही नट एकेक करून चाचपले.

"तीच गं तीच," त्या म्हणाल्या. "काही म्हणजे काही बदललं नाही." मग कान टवकारून म्हणाल्या, "सगुणे, हे धापा टाकत कोण आलं?"

"जावई आलेत, आई."

"मागून? पायी?" सासूबाईंना वाईट वाटलं. "अगं, मग त्यांना गाडीत बसवून का नाही आणलंस?"

भिवाजीरावांनी नारळ सासूच्या हातात ठेवला आणि मान खाली घातली. सगुणाबाईने आधणात त्यांच्याही वाटणीचं पाणी वाढवलं.

तात्पर्य : वरातीत मोटार पंक्चर झाली, तर चाक काढण्यापूर्वी नवरीला दुसरीकडे बघायला सांगावं. नाहीतर ती एक ना एक दिवस माहेरी पोचते.